युरोपात जायचं ठरलं, पण देश कोणता? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात परदेशातल्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं, मेल येऊनच राहिले आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई, युरोपात जायचं पक्कं आहे, फक्त कोणता देश घेऊ ते सांगा. मी प्रत्येकाला आधी हेच विचारते की बाबा तू काम काय करतो, आणि सोबत कोण येणार आहे, कारण देश त्यावरून ठरतो. सॉफ्टवेअरवाल्याला जो देश सोपा जातो तोच देश नर्सला दीड-दोन वर्षं भाषेत बसवतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी आत्ताच सांगून टाकते. 'युरोपचा वर्क व्हिसा' असं काही नसतं. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि त्यांचा फिरायचा व्हिसा कॉमन आहे, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण नोकरीचा आणि राहायचा परवाना ज्या देशाचा त्याच देशात चालतो. जर्मनीचं कार्ड खिशात असलं तर सुट्टीत पॅरिस बघून या, पॅरिसमध्ये नोकरी करता येणार नाही. हे नीट न समजल्यामुळे लोक 'आधी कुठेही घुसू, मग बदलू' असा प्लॅन करतात आणि पाच वर्षांनी दुसऱ्या देशात कायमच्या रहिवासाची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत ऑटोमेशन टेस्टिंग करतो, ६ वर्षं झाली. मागच्या वर्षी लग्न झालं, बायकोने एम.फार्म केलं आहे आणि ती इथे एका औषध कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आम्ही जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशी तीन नावं काढली आहेत. मित्र म्हणतात जर्मनीत अर्धा पगार टॅक्समध्येच जाते. आम्ही दोघं विचार करकरून थकलो, तुम्हीच सांगा.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं दिसली, तू २९ चा आहेस आणि बायको फार्माच्या क्वालिटीत आहे. तू देशांची तुलना फक्त स्वतःच्या जॉबवर करून राहिला आहेस आणि गणित तिथेच अडकलं आहे.

आधी वयाचं बघू. नेदरलँड्समध्ये 'हायली स्किल्ड मायग्रंट' म्हणून जाता येतं, त्यासाठी कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयएनडीच्या, मान्यताप्राप्त स्पॉन्सर यादीत असावी लागते, ती यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. पगाराची अट ३० वर्षांच्या आतल्यांना कमी आहे. २०२५ मध्ये ती महिन्याला ४,१७१ युरो होती आणि ३० च्या पुढच्यांना ५,६८८. एकदा ३० च्या आत कमी अटीवर रुजू झालास की त्याच कंपनीत असेपर्यंत तीच अट चालते, तिशीनंतर कंपनी बदलली की मात्र वरची लागू होते. म्हणजे डच कंपन्यांना अर्ज करायचे असतील तर ते या महिन्यात करायचे, पुढच्या दिवाळीची वाट बघायची नाही. त्यात आणखी एक फायदा आहे, बाहेरून बोलावलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंत भाग पाच वर्षं करमुक्त धरला जातो, २०२७ पासून तो २७ टक्के होणार आहे, पण त्यालाही वेगळी पगाराची अट आहे, तर ऑफर लेटरमध्ये ते लिहून घ्यायचं. ऑफिसात इंग्रजी चालून जातं. अडचण घराची आहे. अॅमस्टरडॅम, उट्रेख्त, आइंडहोव्हन कुठेही जा, भाड्याच्या घरांची तिथे खरीखुरी टंचाई आहे, आणि कंपनी पहिले दोन-तीन महिने राहायची सोय करते का हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे.

आता जर्मनी. मित्र जे म्हणतात ते अर्धवट आहे. ५५ हजार युरो वर्षाचे धर, म्हणजे महिन्याला साधारण ४,६०० ब्रुटो, म्हणजे काही कापायच्या आधीचा पगार. एकट्या माणसाच्या हातात त्यातले २,९०० च्या आसपास येतात. पण पगाराची स्लिप नीट वाचली तर गेलेल्या पैशात टॅक्सपेक्षा विम्याचा वाटा मोठा दिसतो, ९.३ टक्के पेन्शनचे, मग आरोग्य विमा, बेरोजगारी विमा, म्हातारपणीच्या देखभालीचा विमा. बायकोला कमाई नसेल तर ती आणि पुढे मुलं त्याच सरकारी आरोग्य विम्यात फुकट येतात. नवरा-बायकोच्या पगारात मोठा फरक असेल तर टॅक्स क्लास बदलून हातातला पगार वाढतो. भारत आणि जर्मनीमध्ये सोशल सिक्युरिटीचा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पेन्शनची वर्षंही वाया जात नाहीत. ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या माणसांच्या नोकरीच्या आणि राहायच्या परवान्यासाठी, २०२५ ची पगाराची अट ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या माणसं कमी असलेल्या कामांना साधारण ४३,७६० आणि हा आकडा दर जानेवारीत वाढतो. ब्लू कार्डवर बी१ जर्मन (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात) असेल तर २१ महिन्यांत कायमचा रहिवास मिळतो, फक्त ए१ असेल तर २७ महिन्यांत, आणि बायकोला व्हिसासाठी जर्मन यायची अट नाही, पोचल्या दिवसापासून कामाची मुभा. पण टेस्टिंगच्या कामात दिवसभर टीमशी, क्लायंटशी बोलावं लागतं, आयटीतली भरती आता पूर्वीसारखी जोरात नाही, त्यामुळे जर्मन न येणाऱ्याचा नंबर मागे लागतो हे मी तुला स्पष्ट सांगते.

आणि घर. जर्मनीत फ्लॅटची किल्ली हातात येते, आत जाऊन बघावं तर किचनच्या जागी भिंतीतून निघालेले दोन पाइप आणि शेगडीसाठी एक जाड वायर, बस. ओटा नाही, सिंक नाही, छताला दिवाही नाही. आधीचा भाडेकरू आपलं किचन सोबत घेऊन गेलेला असतो किंवा तेच तुम्हाला विकत घ्या म्हणतो. वर तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट. मग घरमालकाचं पत्र घेऊन दोन आठवड्यांत महापालिकेत नोंदणी करायची, ती झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, आणि खाली पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन ते पत्र परत घेऊन जातो. टॅक्स नंबर पोचला नाही की पहिला पगार सगळ्यात जास्त दराने कापून येतो. म्हणून कोणताही देश घ्या, दोघांचे मिळून सहा-सात हजार युरो बाजूला ठेवल्याशिवाय विमानात बसू नका.

आता बायकोचं. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करायचं असेल तर सगळीकडे लायसन्स लागतं, जर्मनीत त्यासाठी बी२ जर्मन आणि वर व्यवसायाच्या भाषेची सी१ पातळीची परीक्षा. पण औषध कंपनीच्या क्वालिटीत, प्रॉडक्शनमध्ये लायसन्सचा प्रश्न बहुतेक येत नाही, आणि इथे आयर्लंड पुढे जातो. जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांचे कारखाने तिथे आहेत, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीमध्ये तर रांगेने आहेत, आणि सगळा कारभार इंग्रजीत. तुला क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे माणसं कमी असलेल्या कामांचं वर्क परमिट, मिळालं तर बायको सोबतच येऊ शकते आणि तिला वेगळं वर्क परमिट लागत नाही, आणि २ वर्षांनी तू स्टॅम्प ४ वर जातो म्हणजे परमिटची कटकट संपते. त्रास भाड्याचा. डब्लिनमध्ये दोन हजार युरोच्या वर सहज जातं आणि ४४ हजारांच्या पुढच्या कमाईवर एकट्या माणसाला ४० टक्के दर लागतो (२०२५ चा आकडा). आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तर तिथून युरोप फिरायलाही व्हिसा काढावा लागेल.

माझं मत विचारशील तर तुम्ही दोघांनी आयर्लंड पहिला धरा, आणि डब्लिनच्या हट्टाला न बसता कॉर्क, लिमरिक बघा. कारण तिथे तिचं करिअर पहिल्या वर्षीच चालू राहतं. मी अशा कितीतरी मुली बघितल्या आहेत ज्या नवऱ्याच्या ब्लू कार्डवर गेल्या आणि चार वर्षं भाषेच्या क्लासात आणि घरात गेली, इथे नागपूरला त्या डिपार्टमेंट सांभाळत होत्या. मला त्याचं फार वाईट वाटतं. नेदरलँड्सला तुझे अर्ज तिशीच्या आत टाकून ठेव, तिथेही लायडनला बायो कंपन्यांचा मोठा पार्क आहे. जर्मनी तेव्हाच, जेव्हा दोघंही इथूनच बी१ करून निघायला तयार असाल.

प्रश्न : पोर्तुगालमध्ये ५ वर्षांत पासपोर्ट मिळतो आणि घर घेतलं की गोल्डन व्हिसा मिळतो असं ऐकलं. माझा सक्करदऱ्याला कपड्यांचा व्यवसाय आहे.
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : घर घेऊन गोल्डन व्हिसा मिळायची सोय पोर्तुगालने २०२३ मध्येच बंद केली, अजूनही कुणी ते विकून राहिलं असेल तर त्याच्यापासून लांब राहा. नागरिकत्वासाठीची ५ वर्षांची अट वाढवून १० करायचं विधेयकही २०२५ मध्ये तिथल्या संसदेत आलं, त्यामुळे त्या पाच वर्षांवर हिशोब मांडू नका. देश सुंदर, हवा मायाळू, लोक चांगले, पण पगार पश्चिम युरोपात खालच्या बाजूचे, २०२५ मध्ये किमान वेतन महिन्याला ८७० युरो, आणि लिस्बनचं भाडं त्या पगाराला परवडत नाही. तुमच्या व्यवसायाचं गिऱ्हाईक इथे आहे भाऊ. तिथे जाऊन कुणाला काय विकणार याचं उत्तर कागदावर लिहा, ते पटलं तर मला पुन्हा पत्र टाका.

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७.८ सीजीपीए. त्याला जर्मनीत एम.एस. करायचं आहे. धरमपेठेतल्या एका कन्सल्टंटने बर्लिनच्या युनिव्हर्सिटीचं लगेच ऑफर लेटर आणून दिलं, फी साधारण १४ लाख सांगतात. जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं ऐकलं होतं, मग ही फी कशाची? आयर्लंड त्यापेक्षा बरं का?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, तुमची शंका एकदम बरोबर आहे. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये ट्यूशन फी नसते, सेमिस्टरचे दीड-दोनशेपासून तीन-चारशे युरो भरायचे असतात. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून परदेशी मुलांना फी लावली. १४ लाख फी आणि लगेच ऑफर लेटर म्हणजे ती नक्की प्रायव्हेट संस्था आहे. सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तर कन्सल्टंटला कमिशन मिळत नाही, प्रायव्हेटमध्ये मिळतं, म्हणून तो तिकडे ढकलतो. सगळ्या प्रायव्हेट वाईट असं मी म्हणत नाही, पण जर्मन कंपन्या मेकॅनिकलवाला घेताना कुठे शिकला ते बघतात.

खर्च कुठे लागतो ते बघा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात, ते पैसे मुलाचेच असतात, दर महिन्याला ९९२ युरो त्याला परत मिळतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे इथल्या मार्कशीट-डिग्री खऱ्या असल्याची जर्मनीकडून तपासणी, लागतं, भारतीय विद्यार्थ्यांना ते २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, फी १८ हजार रुपये, आणि वेळ लागतो म्हणून मार्कशीट हातात आल्या आल्या अर्ज करा. युनिव्हर्सिटीतून ट्रान्स्क्रिप्ट काढायलाही इथे किती चकरा होतात ते तुम्हाला मी सांगायला नको, ते आजच सुरू करा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आयर्लंडमध्ये मास्टर्सची फी साधारण १५ ते २५ हजार युरो, कोर्स एका वर्षाचा, नंतर नोकरीसाठी २ वर्षं. डेटा, फार्मा, फायनान्सवाल्यांना ते ठीक. पण मेकॅनिकल म्हटलं की जर्मनीसमोर मला दुसरं नाव सुचत नाही, गाड्या, मशीन टूल्स, पंप, सगळं तिथे बनतं. अट एवढीच की मुलाने आत्तापासून भाषेला बसावं. कोर्स इंग्रजीत मिळेल, पण कारखान्यातला फोरमन त्याच्याशी जर्मनमध्येच बोलणार. शेवटच्या वर्षात ए२ झालं तर पोचल्यावर वर्षभरात बी१-बी२ होऊन जातं. घाईने १४ लाख भरण्यापेक्षा एक सेमिस्टर उशीर झाला तरी चालेल हो.

प्रश्न : मी जीएनएम नर्स आहे, २६ वर्षं, चार वर्षांपासून इथल्या हॉस्पिटलात आयसीयूला आहे. एक एजंट जर्मनीचं करून देतो म्हणतो, साडेचार लाख मागतो, भाषा तिकडे गेल्यावर शिकता येते म्हणतो आणि ओरिजिनल सर्टिफिकेट आत्ताच जमा करा म्हणतो. बाबांची काटोलला संत्र्याची बाग आहे, त्यातली दोन एकर विकायला ते तयार झाले आहेत. मी घरातली मोठी आहे. काय करू ताई?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : बाळा, आधी बाबांना सांग की बाग विकायची नाही. हे पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

तुझ्यासारख्या नर्सेसची जर्मनीला एवढी गरज आहे की चांगल्या ठिकाणी भरतीचा खर्च हॉस्पिटल करतं, नर्सकडून घेत नाही. जर्मन सरकारने नर्सभरती करणाऱ्या एजन्सींसाठी फेअर रिक्रूटमेंटचं सरकारी मानचिन्ह ठेवलं आहे आणि ते असलेल्या एजन्सीला नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई आहे. तिथल्या सरकारी रोजगार संस्थेचा 'ट्रिपल विन' नावाचा कार्यक्रम आहे, केरळच्या नॉर्का या सरकारी संस्थेमार्फत तिथल्या नर्स त्यातून जातात, जर्मनचा क्लाससुद्धा फुकट. आपल्याकडच्या कायद्याने तर परदेशी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं आणि तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव टाकून बघ. नाव नसेल तर विषय संपला. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाच्याही हातात द्यायचं नाही, कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही. अटेस्टेड कॉपी, भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), एवढ्यावर सगळं होतं.

भाषा तिकडे गेल्यावर शिक म्हणणारा माणूस तुला फसवून राहिला आहे. व्हिसासाठी साधारण बी१ लागतं आणि पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला बी२. शून्यापासून बी२ ला ड्युटी सांभाळून दीड वर्ष धर. तुझं शिक्षण तिथल्या अभ्यासक्रमाशी जुळवून बघतात, जे कमी पडतं त्यासाठी तिथे काही महिन्यांचा कोर्स किंवा परीक्षा. तोपर्यंत सहाय्यकाचा पगार मिळतो. वृद्धसेवेत जुलै २०२५ पासून सहाय्यकाला किमान तासाला १६.१० युरो आणि मान्यता मिळालेल्या नर्सला २०.५०, म्हणजे भाषा जितकी लवकर तितकं तुझं नुकसान कमी.

कामाचंही आधीच समजून घे. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, जेवण भरवणं, कपडे बदलणं हे नातेवाईक किंवा आया करतात. जर्मनीत सकाळच्या शिफ्टला तू स्वतः टॉवेल आणि कोमट पाण्याचं भांडं घेऊन एकेका बेडपाशी जाणार, आजोबांचं अंग पुसणार, दात साफ करून देणार, मोजे चढवून देणार. तिथे तो नर्सिंगचाच भाग मानतात. सलाइनची लाइन टाकणं, इंजेक्शनमधली बरीच कामं डॉक्टर करतात. आयसीयूतून गेलेल्या मुलींना पहिले सहा महिने हे जड जातं, कुणी सांगितलेलं नसतं म्हणून आणखी जड जातं.

आता देशाचं. तुझं इंग्रजी चांगलं असेल तर आयर्लंडचाही विचार कर, तिथे भारतीय नर्स भरपूर आहेत. आयएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यायची, तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे नोंदणी करायची, मग अॅडॅप्टेशन, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात देखरेखीखाली काम, किंवा अॅप्टिट्यूड टेस्ट. यात सहा-आठ महिन्यांत परीक्षेचा निकाल हाती येतो, जर्मनसारखी दीड वर्षं लागत नाहीत. इंग्रजीची भीती वाटत असेल आणि नव्याने भाषा शिकायची तयारी असेल तर जर्मनी, तिथे जागा जास्त आणि हॉस्पिटलं लहान गावांतही. मी म्हणेन महिनाभर ओईटीचे सराव पेपर सोडवून बघ, त्यातून तुझं तुलाच कळेल. दोन्हीपैकी काहीही घे, खर्च तुझ्या चार वर्षांच्या पगारातून भागेल.

बाबांना अजून एक सांग. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळते तेवढीच. उद्या तू कितीही कमावलंस तरी तिथे राहून स्वतःच्या नावावर ती दोन एकर परत घेऊ शकणार नाहीस.

प्रश्न : आयटीआय वेल्डर आहे, २३ वर्षं, हिंगण्याला एमआयडीसीत काम करतो. पोलंडला वेअरहाऊसचं काम आहे, महिन्याला एक लाख दहा हजार सांगतात. आधी टुरिस्ट व्हिसावर न्यायचं आणि तिकडे गेल्यावर वर्किंग करून देतो म्हणतात. काहून जाऊ नये?
– एक वाचक, वाडी

उत्तर : टुरिस्ट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे, पकडला तर परत पाठवतील आणि काही वर्षं पूर्ण शेंगेनला बंदी. पोलंडमध्ये कामासाठी आधी मालक तुझ्या नावाने वर्क परमिट काढतो, मग तू नॅशनल डी, म्हणजे लांब मुक्कामाचा, व्हिसा मागतो, आणि ते परमिट त्याच मालकापुरतं असतं. हा क्रम उलटा होत नाही. पगाराचं पण बघ, पोलंडचं २०२५ चं किमान वेतन ४,६६६ झ्लॉटी होतं, ते रुपयांत साधारण एक लाख दहा हजार, म्हणजे तुला किमान वेतनच मोठं करून सांगितलं आहे. कापून हातात साडेतीन हजार झ्लॉटी, ऐंशी-पंच्याऐंशी हजार, त्यातून होस्टेल, जेवण आणि एजंटचं कर्ज.

पोलंडबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश बायका-मुलांना आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला होता, वॉर्सात त्याचं स्मारकही आहे. पण वेल्डर म्हणून हात बसलेल्या मुलाने वेअरहाऊसमध्ये खोके उचलायला का जावं?

जर्मनीचं 'चान्सनकार्टं', म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचा परवाना, हे नाव तू ऐकलं असशील, २०२४ च्या जूनपासून सुरू झालं. त्याला डिग्री किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण लागतं आणि वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो, त्यामुळे कुणी त्याच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नको. तुझ्यासाठी रस्ता 'आउसबिल्डुंग'चा आहे. कंपनी आणि शाळा मिळून तीन-साडेतीन वर्षांचं ट्रेनिंग, धातुकाम, मशीन, इंडस्ट्रियल मेकॅनिक असे ट्रेड, आणि ट्रेनिंगचा पगार मिळतो. पहिल्या वर्षी किमान ६८२ युरो (२०२५), धातुउद्योगातल्या मोठ्या कंपन्यांत एक हजाराच्या वर. बी१ जर्मन लागतं. बारावी झाली असेल तर बरं पडतं. वर्षभर संध्याकाळी क्लास कर, दिवसा वेल्डिंग सोडू नको. सत्तावीस-अठ्ठावीसला तिथलंच सर्टिफिकेट हातात असेल आणि मग तुला कुणा एजंटची गरज राहणार नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, वय ६३ आणि ६०. एकुलती एक मुलगी आइंडहोव्हनला असते, तिला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. घर भाड्याने देऊन कायमचं तिच्याकडे जावं असा विचार करून राहिलो आहोत. नेदरलँड्स आई-वडिलांना राहू देतं का? नसेल तर मुलीने कोणता देश बदलावा?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : काका, अभिनंदन. नेदरलँड्समध्ये आई-वडिलांना कायमचं बोलावणं जवळजवळ बंदच आहे, अगदी अपवादात्मक परिस्थिती सिद्ध करावी लागते. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून एक दार उघडलं आहे, त्या तारखेनंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना बोलावता येतं, सासू-सासऱ्यांनाही. पण आई-वडिलांचा आरोग्य विमा मुलांनी स्वतः काढून दाखवायचा असतो आणि साठीनंतर तो मिळणंच कठीण, मिळाला तर फार महाग. एवढ्यासाठी मुलीने बसलेली नोकरी आणि घर सोडावं असं मला वाटत नाही, तेही बाळाच्या वर्षात. नागपूरचं घर मोकळंच ठेवा, भाड्याने देऊ नका, तुम्हाला वर्षातून येऊन-जाऊनच राहायचं आहे.

व्हिसा ९० दिवसांचा आणि तो दोघांचा वेगवेगळा मोजला जातो, हे लक्षात घेऊन आखणी करा. हॉलंडमध्ये बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस 'क्रामझोर्ख' म्हणून प्रशिक्षित बाई घरी येते, बाळाची अंघोळ, आईची तपासणी, दूध पाजायला शिकवणं सगळं बघते, मुलीच्या मूळ आरोग्य विम्यात ते बसतं, थोडा वाटा स्वतः द्यावा लागतो. मुलीने नोंदणी केली नसेल तर आजच करायला सांगा. काकूंनी प्रसूतीच्या आठवडाभर आधी पोचावं आणि ९० दिवस राहावं, तुम्ही दोन महिन्यांनी जा म्हणजे काकू परत आल्यावर पुढचे दोन महिने तुम्ही असाल आणि मुलीची रजा संपून ती कामावर जाईल तेव्हा घरात आजोबा असतील. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, बीपी-शुगर असेल तर जुन्या आजारांचं काय लिहिलं आहे ते पॉलिसीत वाचून घ्या, आणि गोळ्या ९० दिवसांच्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट सोबत ठेवा. युरोपियन युनियनने एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सोपा केला आहे, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. ९० दिवसांची मर्यादा त्यातही राहते. नागपूरहून दोहामार्गे जाता येतं, मुंबई-दिल्लीला सामान घेऊन धावायची गरज नाही, फक्त परतीचं तिकीट ९० व्या दिवसाचं न काढता ८५ व्या दिवसाचं काढा, कारण उतरलेला आणि निघालेला दोन्ही दिवस मोजतात.